लईराईची जत्रा : होमकुंडाच्या अलीकडचे दिवस आणि सात बहिणींचे नाते

तळ्याकाठचा (डिचोली)

वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या होमकुंडाची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली हमखास एकच प्रश्न विचारलेला असतो : पाय भाजत नाहीत का? व्रत धरून त्या निखाऱ्यांतून चालणारे देवीचे भक्त म्हणजे धोंड, आणि माझ्या घरात तीन पिढ्यांचे धोंडपण आहे. आजोबा धोंड होते, बाबा होते आणि गेली बावीस वर्षे मी आहे. या प्रश्नाचा मला राग येत नाही. परंतु लईराईची जत्रा म्हणजे निखाऱ्यांवरची ती काही पावले, एवढीच समजूत गोव्याबाहेर आणि आता गोव्यातही पक्की होत चालली आहे, याचे मनापासून वाईट वाटते. म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी कथा सांगतो, आमच्या घरात सांगतात तशी. सात बहिणी आणि त्यांचा एकुलता भाऊ हत्तीवरून या मुलखात आली. मुळगावची केळबाय, शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, अंजदीव बेटावरची अंजदीपा आणि शितळाई या त्या बहिणी आणि वायंगिणीचा खेतोबा हा भाऊ. (नावांचा क्रम आणि एखादे नाव गावागणिक बदलते. शितळाईबद्दल तर जाणती माणसेही फारसे बोलत नाहीत.) मुक्कामाला चूल पेटवायची होती, म्हणून बहिणींनी भावाला विस्तव आणायला पाठवले. तो वाटेत खेळात रमला आणि सगळे विसरला. वाट पाहून पाहून संतापलेली लईराई त्याला शोधत गेली आणि तिने त्याला लाथ मारली. भाऊ दुखावला आणि बहिणींना सोडून वायंगिणीला जाऊन राहिला. राग ओसरल्यावर लईराईला आपण काय केले ते कळले. त्या पश्चात्तापातून तिने स्वतःला शिक्षा घेतली, की मी दर वर्षी अग्नीतून चालेन. केळबायने विस्तव डोक्यावर घेण्याचे कबूल केले.

लहानपणी ही कथा ऐकताना आम्हाला हत्ती आवडायचा. धोंड झाल्यावर तिच्यातले दुसरेच काही लक्षात आले. ज्या विस्तवावरून भांडण झाले, त्याच विस्तवावर, ज्या पायाने लाथ मारली तोच पाय ठेवायचा, असा हा नेमका हिशेब आहे. येथे देवी कोणत्याही असुराला मारत नाही. घरातल्या धाकट्यावर अनावर रागावलेली थोरली बहीण ती चूक कबूल करते आणि तिची भरपाई स्वतःच्या अंगावर घेते. आम्ही धोंड तिच्या मागोमाग चालतो ते तिच्या त्या प्रायश्चित्तात सहभागी होण्यासाठी. अंगातले बळ दाखवणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता, आणि आजही नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे आधीच्या दिवसांना इतके महत्त्व का, ते उलगडते. कोणी पाच दिवसांचे व्रत धरतो, कोणी त्याहून अधिक. आमचा तळ गावाबाहेरच्या झऱ्याजवळ, माडाच्या चुडतांचा मांडव घालून पडतो. पहाटे स्नान, सोवळे नेसून स्वतःच्या हाताने स्वयंपाक आणि दिवसातून एकदाच जेवण, हा आमच्याकडचा नेम. उकडा तांदूळ एकदा शिजलेला असतो, म्हणून तो सोवळ्यात चालत नाही. सुरय तांदळाचाच भात लागतो. त्या दिवसांत घरातही मासळी शिजत नाही. वैशाखात, बाजार भरलेला असताना, गोमंतकीय घराने मासळी सोडणे म्हणजे काय, ते येथल्या वाचकांना सांगायला नको. आणि सगळ्यांत अवघड नेम असा, की कोणावर आवाज चढवायचा नाही. हा नेम कोठे लिहिलेला आहे की नाही ते मी पाहायला गेलो नाही. बाबा मात्र तोच पहिला सांगत आणि मांडवात कोणाचा आवाज वाढला की नुसते त्याच्या पायांकडे पाहत.

बाबांची वेतकाठी आता माझ्याकडे आहे. वर्षभर ती माळ्यावर जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली असते. मुठीच्या जरा वर, त्यांचा अंगठा टेकायचा तेथे, वेत झिजून खोलगट आणि गुळगुळीत झाला आहे. माझा अंगठा तेथे नीट बसत नाही, थोडा खाली येतो. लोकरीचे गोंडे दर वर्षी मी नवे बांधतो, लाल, पिवळे, हिरवे. त्यांच्या गाठी घट्ट असाव्या लागतात, कारण धोंड नाचतात तेव्हा काठ्या एकमेकींवर आपटतात आणि सैल गोंडा पहिल्याच फेरीत निघून पडतो. एक गोंडा मात्र बाबांच्या हाताचा तसाच ठेवला आहे. तो मूळचा पांढरा असावा. धूर आणि राख लागून आता त्याचा रंग ओळखू येत नाही.

जत्रेच्या दिवशी शिरगावात तळीवर स्नान होते, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार पडतात आणि धोंडांचे जथे नाचत देवळाकडे निघतात. लाकडांची प्रचंड रास रात्री पेटवतात. ती जळून निखारे झाले म्हणजे उत्तररात्री धोंड त्यांतून जाऊ लागतात. तो प्रवास पाच-सहा पावलांत संपतो. त्याचे वर्णन मी येथे करणार नाही, कारण त्या वेळी माझ्या मनात काय असते ते मला आजवर शब्दांत धरता आलेले नाही.

आपापल्या गावातील या बहिणींच्या परंपरांविषयी ज्यांना माहिती आहे, त्यांनी कृपया येथे लिहावे.


आंब्याखालचे घर (म्हापसा)

तळ्याकाठचा दादा, आपले लेखन आईला वाचून दाखवले. ती शिरगावजवळच्या गावातली माहेरवाशीण आहे आणि लग्नानंतर म्हापशाला आली. "मी माझ्या देवीच्या गावातून तिच्या बहिणीच्या गावात आले," असे ती म्हणते. म्हणून म्हापशाच्या बहिणीविषयी थोडे लिहिते.

मिराबाई म्हणजेच आजची मिलाग्रीस सायबीण (चर्चमधली मरियम माता), असे येथे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. म्हापशाचे तिचे चर्च १५९४ मध्ये स्थापन झाले. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सोमवारी सायबिणीचे फेस्त, म्हणजे वार्षिक सण, असते आणि त्या दिवशी दोन्ही धर्मांची माणसे तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. सायबिणीच्या मूर्तीवर तेल घालण्याची ही रीत दुसऱ्या कोणत्या चर्चमध्ये मी पाहिलेली नाही. लईराईच्या देवळातून बहिणीसाठी तेल येते आणि लईराईच्या जत्रेला बहिणीकडून फुले जातात. आई याला देवाण म्हणत नाही, "वाण" म्हणते. बहीण बहिणीला पाठवते ते वाण.

या दोघींचे सण एकमेकींच्या इतके जवळ का येतात, हा प्रश्न मला बरीच वर्षे होता. पंचांग आणि ईस्टरचे गणित शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. ईस्टर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. ती पौर्णिमा बहुतेक वेळा आपली चैत्री पौर्णिमा असते. ईस्टरच्या रविवारापुढे पंधरा दिवस मोजले की फेस्ताचा सोमवार. इकडे चैत्री पौर्णिमेपासून वैशाख शुद्ध पंचमी वीस दिवसांवर असते. म्हणजे दोघींचे दिवस एकाच चंद्रावरून ठरतात. २०२३ आणि २०२५ मध्ये जत्रा आणि फेस्त अगदी लागून आले. २०२४ मध्ये ईस्टरसाठी फाल्गुनातील पौर्णिमा धरली गेली, म्हणून महिन्याचे अंतर पडले आणि आईला ते वर्षभर खटकत राहिले.


कुळागरातला (फोंडा)

वरील प्रतिसादाला इतिहासाची एक बाजू जोडतो. या बहिणींपैकी काहींची देवळे टिकली आणि काहींची का टिकली नाहीत, याचे उत्तर राज्यांच्या सीमेत आहे. बार्देश १५४३ पासून पोर्तुगिजांकडे होते, त्यामुळे म्हापसा जुन्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी आधी जिंकलेल्या मुलखात, आले आणि तेथील देवळे सोळाव्या शतकातच पाडली गेली. अंजदीववर तर पोर्तुगिजांनी १५०५ मध्येच किल्ला बांधायला घेतला होता. याउलट शिरगाव, मुळगाव आणि मये ही डिचोलीतील गावे, तसेच पेडण्यातील मोरजी, हा सावंतवाडीकर भोसल्यांकडचा मुलूख. डिचोली अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तोपर्यंत देवळे पाडण्याचे धोरण मागे पडलेले होते, म्हणून या बहिणी आपापल्या जागी राहिल्या. उलट पलीकडचे देवच नदी ओलांडून डिचोलीत आले. दिवाडीचा सप्तकोटीश्वर नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभारले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

माझ्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी, की इतकी मोडतोड होऊनही लोकांनी बहिणींची संख्या कमी केली नाही. म्हापशाच्या बहिणीचे देऊळ गेले, नाव बदलले, पूजा करणारे बदलले, तरी सातांतील तिची जागा कोणी दुसरीला दिली नाही. अंजदीव बेट आज नौदलाच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला तेथे जाता येत नाही, तरीही कथा सांगताना अंजदीपेचे नाव कोणी गाळत नाही. एखाद्या घरातील मुलगी दूर देशी गेली आणि परतलीच नाही, तरी कुळाच्या मोजणीत ती धरलेली असते, त्यातलाच हा प्रकार आहे.


पोफळीची सावली (मोरजी)

मोरजाईच्या गावातून नमस्कार. कथेतल्या हत्तीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तर गोव्यात अनेक ठिकाणी जुन्या दगडी शिल्पांत गजलक्ष्मी दिसते : मधोमध बसलेली देवी आणि दोन्ही बाजूंनी सोंडेतील कलशांनी तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती. या शिल्पांना गावकरी केळबाय म्हणून पुजतात. सातेरी वारुळाच्या रूपात आणि केळबाय हत्तींसह, अशा दोघी कितीतरी गावांत शेजारी शेजारी असतात. त्यामुळे बहिणी हत्तीवरून आल्या असे जेव्हा कथा सांगते, तेव्हा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही शिल्पेच असणार, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. परंतु केळबायचे मुळगाव आणि लईराईचे शिरगाव एकमेकांना लागून असल्यामुळे तो मला पटतो.

केळबायचे हत्ती पाणी ओततात आणि तिची बहीण लईराई अग्नीतून चालते. पाणी आणि विस्तव अशी दोन्ही या एकाच घरात आहेत.


नवखा वाचक (पुणे)

धागा वाचून संकोच वाटतो आहे, कारण मीही तोच प्रश्न विचारण्यासाठी आलो होतो. तरीही विचारतो, राग मानू नये. निखाऱ्यांतून चालताना पाय खरोखर भाजत नाहीत का? आणि दुसरे असे, की मला यंदा सहकुटुंब यायचे आहे. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांनी यावे का, आणि आल्यास कसे वागावे?


तळ्याकाठचा (डिचोली)

राग कशाचा? विचारलेत ते बरेच झाले.

लाकडाचा निखारा दिसायला लालभडक असला, तरी तो उष्णता हळू पुढे देतो आणि त्यावरची राख ती आणखी अडवते. पाऊल क्षणभरच टेकते, म्हणून बहुतेकांना इजा होत नाही. हेच निखाऱ्याऐवजी तापलेले लोखंड असते, तर तेवढ्याच वेळात कातडी गेली असती. तरीही काहींचे पाय भाजतात, हे मी लपवणार नाही. धोंड झाल्यावर सातव्या का आठव्या वर्षी माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता. मी बाबांना विचारले, व्रतात माझे काय चुकले? त्यांनी टाचेला खोबरेल तेल लावले आणि म्हणाले, "चुकले म्हणून तर चालतो ना आपण?" भाजले म्हणजे पाप आणि भाजले नाही म्हणजे पुण्य, असा अर्थ लावणारे लोक भेटतात. आमच्या तळावर तो अर्थ कधी कोणी शिकवला नाही.

येण्याविषयी कुळागरातला दादा किंवा इतर कोणी लिहिणार असतील, तर मी थांबतो.


माळावरचा (बेळगाव)

मी सीमेपलीकडचा धोंड. आमच्याकडून, तसेच सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून, दर वर्षी शेकडो जण शिरगावला जातात, म्हणून "बाहेरच्यांनी यावे का" या प्रश्नाला माझा हक्काचा होकार आहे. लईराईने राज्यांच्या सीमा कधी पाहिल्या नाहीत.

वागण्याविषयी मात्र कळकळीने लिहितो. २०२५च्या जत्रेत, २ मेची रात्र संपून ३ मे उजाडण्याआधी, उतारावरच्या वाटेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. मी त्या रात्री तळीच्या बाजूला होतो. आधी ओरडा ऐकू आला आणि नंतर बराच वेळ आपल्यापैकी कोण कोठे आहे तेच कळेना. आमच्यातला एक तरुण मुलगा हातातली वेतकाठी उंच धरून उभा राहिला, म्हणजे आमच्या गावच्यांना ती दिसावी आणि सगळ्यांनी तिच्याभोवती जमावे. पहाटेपर्यंत तो तशीच धरून होता. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो, की होमकुंडाच्या वाटेवर पाहण्यासाठी उभे राहू नका. धोंड दिवसभर उपाशी असतात, अनवाणी असतात, आणि त्या घडीला त्यांचे लक्ष पुढे असते. त्यांच्या वाटेत मोबाइल उंचावून थांबलेला माणूस स्वतःलाही धोक्यात घालतो आणि मागच्या शंभरांनाही. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर दिवसा दर्शन घेऊन सूर्यास्तापूर्वी निघावे. देवी दिवसाही तीच असते.


आंब्याखालचे घर (म्हापसा)

माळावरचा दादांशी पूर्ण सहमत आहे. आई आता जत्रेच्या रात्री जातच नाही. ती आदल्या दिवशी मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसते. केळीच्या सोपटाचा दोर भिजवून त्यात दोन-दोन कळ्या समोरासमोर ठेवून ती हार गुंफते. सुईने ओवलेला हार तिला चालत नाही, कारण "कळी टोचून देवीला द्यायची का?" असे ती म्हणते. कळ्या मिटलेल्याच घ्याव्या लागतात. रात्री धोंडाच्या गळ्यात त्या अंगाच्या उबेने उमलतात. तिच्या भावाच्या मुलासाठी ती हा हार करते. तो पहाटे तळावरून येतो, हार नेतो, आणि व्रतात असल्यामुळे आमच्या घरचे पाणीसुद्धा पीत नाही. आई दारात उभी राहून तो वळेपर्यंत पाहत राहते.

मोगऱ्यावरून आठवले. शिरगावच्या परसातला मोगरा पूर्वीइतका राहिला नाही, असे ती सांगते. लोहखनिजाच्या खाणींनी त्या गावाचे झरे आणि विहिरी किती खाली नेल्या, ते डिचोलीच्या लोकांनी पाहिले आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. पुढे २०१८ मध्ये लीजही रद्द झाल्या. पण खाली गेलेले पाणी निवाड्याने वर येत नाही. ज्या देवीचे व्रत झऱ्यावरच्या स्नानाने सुरू होते, तिच्याच गावात पाण्याची ही अवस्था व्हावी, हे मला फार लागते. खाणींवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांची घरेही याच तालुक्यात आहेत, हे विसरून मी हे लिहीत नाही.


तळ्याकाठचा (डिचोली)

ताई, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. टोचलेली कळी देवीला द्यायची नाही, हे आमच्या घरात कोणी सांगितले नव्हते. यंदा आम्हीही तसाच हार करू.

पाण्याविषयी आपण लिहिले ते खरे आहे. आमच्या तळाजवळच्या झऱ्याची धार माझ्या लहानपणी मनगटाएवढी होती. आता वैशाखात तिच्याखाली घागर भरायला इतका वेळ लागतो, की आम्ही स्नानाला एकामागोमाग एक असे मध्यरात्रीपासूनच बसतो. नव्या मुलांना ते मोठे वाटते. त्यांनी धार पाहिलेली नाही.

पुण्याच्या वाचकांना एक सुचवतो. माळावरचा दादांनी सांगितले तसे आपण पंचमीला दिवसा दर्शन घ्या. जमल्यास जत्रेनंतर पुढच्या दिवसांत पुन्हा या. त्या दिवसांत लईराईचा कळस, म्हणजे देवीचे प्रतीक, गावात घरोघरी फिरतो आणि कौल होतो, म्हणजे देवीला प्रश्न विचारून तिचे उत्तर घेतात. गर्दी ओसरलेली असते, दुकाने उठत असतात, होमकुंडाच्या जागी राख असते. अंगण सारवून, दारात रांगोळी घालून घरातली माणसे वाट पाहत बसतात आणि वाद्ये जवळ आली की बोलणे आपोआप थांबते. कळस अंगणात आला म्हणजे घरातली थोरली बाई पुढे होऊन कळस आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, आणि मग घरातल्यांनी मनात असलेले विचारायचे. लोक काय विचारतात? मुलीच्या लग्नाचे, आजाराचे, जमिनीच्या वाटणीचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या अंगणात तिच्या धाकट्या दिराने विचारले होते, की थोरला भाऊ सात वर्षे बोलत नाही, मी आधी जाऊ का? थोरला भाऊ तेव्हा गर्दीत, तुळशीवृंदावनाच्या मागे उभा होता. कौल व्हायच्या आधीच तो पुढे आला.